जब्बारभाऊंची दुसरी चावी

आमचे शेजारी जब्बारभाऊ चहाच्या टपरीवर येतात ते चाक घेऊन. चाक बाकावर बसतं, ते स्वतः उभे.

भद्रावतीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर या माणसानं स्वतः वेल्डिंग करून जीपमागे ओढायची फिरती खोली बनवली. दोन बर्थ, शेगडी, खिडकीला पडदा. घरी ती कडुनिंबाला साखळीनं बांधलेली. जीपला जोडायच्या हुकावर लोखंडी टोपी, टोपीला कुलूप. साखळीच्या, टोपीच्या आणि दाराच्या कुलपाला सारखीच चावी. एवढं करून एक चाक काढून सोबत! "चोराचा काय भरवसा, मास्तर?" हे त्यांचं पालुपद. अहो, आजवर भद्रावतीत कोणी खोली ओढून नेली आहे का? पण सांगायची सोय नाही.

यंदा मोहफुलांच्या दिवसांत ते मला एटापल्लीकडे घेऊन गेले. वाटेत मूल गावाला जेवायला थांबलो, तर आधी चाक काढणं. भात गार, माझं डोकं गरम.

संध्याकाळी एका गावाबाहेर मोठ्या मोहाखाली मुक्काम ठरला. टोपली घेऊन चाललेली एक बाई थांबली.

"इथी नोको लावू भाऊ. सकाळी झाडाखालचा पाला जाळतो आमी, फुलं वेचाले. तिकडं मोकळ्यात लाव."

ती चार पावलं पुढे गेल्यावर भाऊ माझ्या कानाशी लागले. "पाह्यलं? मोकळ्यात लाव म्हणते, म्हंजे ओढाले सोपी!" त्यांनी मोहालाच साखळीचे दोन वेढे घालून कुलूप लावलं, चाक काढून जीपमध्ये टाकलं. मलाही जीपमध्येच झोपवलं. आत दोन बर्थ असताना! मी जाम चिडलो होतो.

सकाळी नाल्यावर तोंड धुवून येतो, तर धूर. पलीकडच्या झाडाखाली कोणीतरी पाला पेटवला होता आणि वारा फिरला होता. आग सरसर आमच्या मोहाकडे येत होती. भाऊ धावले. कमरेची चावी काढली आणि घाईत ती पाल्यात पडली. आम्ही दोघं चाचपडतोय, डोळ्यांत धूर.

"दुसरी चावी कुठंय?" मी ओरडलो.

"आत."

"बंद खोलीत? अक्कल गहाण ठेवली काय, भाऊ!"

कालची बाई गावातल्या सात-आठ जणांना घेऊन ओल्या फांद्यांनी आग झोडपत होती. मी दगडानं खोलीची खिडकी फोडून आत शिरलो. दारामागे दोन खिळे. एकाखाली रंगानं लिहिलेलं 'मी', दुसऱ्याखाली 'हमीदा'. हमीदाभाभी त्यांची बायको. ही खोली पुरी व्हायच्या आधीच त्या गेल्या. त्यांच्या खिळ्यावर चावी होती, बर्थवर धुतलेली चादर अंथरलेली होती. माझा सगळा राग तिथंच उतरला.

साखळी सुटली. चाक बसवायला वेळ कुठला? चाक नव्हतं ती बाजू गावकऱ्यांनी उचलून धरली आणि सगळ्यांनी मिळून खोली मोकळ्यात नेली. आग मागेच विझली.

"नेली ना ओढून?" बाई हसली. "काल साखळी बांधून राह्यला होता, तवाच समजलं मले."

"माफ कर, बाई," भाऊ मान खाली घालून म्हणाले.

मी विचारलं, "तिची चावी आत कशाला ठेवता?"

"मंग कुठी ठेवू? मी उचलली असती त दोन्ही माह्याच झाल्या असत्या."

पाल्यातली चावी काही सापडली नाही. परतताना मूलला थांबलो. भाऊंनी भाभींची चावी पुन्हा त्यांच्या खिळ्याला अडकवली आणि दार नुसतं लोटलं. चाकाला हातही लावला नाही.

"चोराचा काय भरवसा, भाऊ?" मी म्हटलं.

"हमीदा हाये ना आत," ते म्हणाले, आणि भात गरम असतानाच जेवायला बसले.