बगळ्याचं भाकीत

गुरुवारी साप्ताहिक आलं की थॉर्नबी शाळेच्या शिक्षकखोलीत बगळ्याच्या नावाने शिमगा सुरू व्हायचा. ‘बगळा’ या टोपणनावाने कोणीतरी शाळांच्या लॅक्रॉसच्या, म्हणजे जाळीदार काठीने चेंडू झेलून गोल करायच्या खेळाच्या, बाद फेरीची भाकितं लिहीत असे. दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही वेळा त्याने थॉर्नबी हरणार म्हणून सांगितलं आणि दोन्ही वेळा थॉर्नबी जिंकली. कोच किंकेड तो कागद कापून पोरांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर चिकटवत. पोरं तो वाचून दातओठ खात मैदानात उतरत.

“मूर्ख आहे तो बगळा!” असं सगळ्यांबरोबर प्रॅटसरही म्हणत. तसं म्हणणं त्यांना भागच होतं, कारण तो बगळा तेच होते. तीस वर्षं गणित शिकवून त्यांना कोणी कधी साधं हवामानाबद्दलसुद्धा मत विचारलं नव्हतं. आता त्यांच्या एकेका ओळीवरून अख्खी खोली भांडायची आणि कोपऱ्यात बीजगणिताचे पेपर तपासत बसलेल्या प्रॅटसरांचा ऊर भरून यायचा. त्यांचं भाकीत मात्र प्रामाणिक होतं. ज्या पोरांना कागदावर कोन काढता येत नाही, त्यांना धावता धावता चेंडू जाळीत कसा घालता येईल, हा त्यांचा साधा हिशेब होता.

सेंट ऑल्डन शाळेविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या आधी संपादकीणबाई मिसेस फेनविक यांची मेल आली. त्यांनी बगळ्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पाहण्याची इच्छाही नव्हती. ‘तिसऱ्यांदा चुकलात तर सदर बंद. त्या जागी हिरवळीची निगा कशी राखावी हे छापू.’

हिशेब गेला खड्ड्यात, म्हणत प्रॅटसरांनी लिहून टाकलं : थॉर्नबी जिंकेल.

गुरुवारी दुपारी कोच किंकेड धापा टाकत त्यांच्या वर्गात आले.

“प्रॅटसर, घात झाला! बगळ्याने आपल्याला जिंकवलंय!”

“मग चांगलंच आहे की.”

“चांगलं काय डोंबलाचं! पोरं आधीच दोन विजयांनी फुगलीयत, करंडक कुठे ठेवायचा यावरून भांडतायत; आता त्यांना चिडवायला दारावर काय लावू? आणि तिकडे सेंट ऑल्डनवाल्यांनी तोच कागद आपल्या दारावर डकवलाय म्हणे!”

“अरेरे. पण मी काय करणार त्याला?”

“तुम्ही खोटा बगळा लिहायचा. आपण कसे हरणार ते. साप्ताहिकासारखं छापून घेतो मी. पोरं कुठे पेपर विकत घेतायत?”

“अहो, मला कुठलं जमायला तसलं?”

“प्रगतिपुस्तकातले शेरे वाचलेत मी तुमचे,” कोच आवाज खाली आणून म्हणाले. “पोराचं काळीज करपवायचं ते तुम्हीच!”

प्रॅटसरांनी मनातल्या मनात गणित मांडलं. खोटा बगळा वाचून पोरं पेटली तर जिंकतील, आणि जिंकली तर खऱ्या बगळ्याचं सदर वाचेल. ते लिहायला बसले. स्वतःचं नाव नाही, टोपणनावही कोचच्या लेखी दुसऱ्याचं, जबाबदारी कोचची! तीस वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. कप्तान वेब्स्टरच्या धावण्यापासून गोलरक्षकाच्या झोपेपर्यंत त्यांनी कोणालाही सोडलं नाही. शेवटी ठोकून दिलं : सेंट ऑल्डन सात गोलांनी जिंकेल.

पोरं पेटली, पण जरा जास्तच. शनिवारी त्यांनी चेंडूपेक्षा माणसांवरच काठ्या चालवल्या. लॅक्रॉसमध्ये दांडगाई केली की मिनिटभर बाहेर बसावं लागतं. थॉर्नबीचा कोणी ना कोणी सतत बाहेरच होता. सामना सेंट ऑल्डनने चौदा-सात असा जिंकला. कप्तान वेब्स्टर शिरस्त्राण न काढताच रडत बसला, आणि प्रॅटसरांना त्याच्याजवळ जायचं धाडस झालं नाही. आपणच त्याला हरवलं, हे त्यांना कळत होतं आणि फार वाईट वाटत होतं.

रविवारी मेल आली. ‘सदर बंद. शुभेच्छा.’

सोमवारी मात्र कोच किंकेड खुशीत दिसले. हरलेल्या कोचला ते शोभत नव्हतं.

“प्रॅटसर, पार्टी द्या! पोरांनी दारावरच्या कागदाचा फोटो गावभर पाठवला. फेनविकबाईंचा फोन होता. म्हणाल्या, ज्याने हे लिहिलं त्याला गोल अन् गोल आधी कळला होता. तुमचं नाव सांगून टाकलं मी. पुढच्या मोसमापासून सदर तुमचं!”

प्रॅटसर खुर्चीत बसले. “आणि… तो बगळा?”

“हाकलला त्याला. एकच अट आहे बाईंची, त्याच्यासारखं मिळमिळीत लिहायचं नाही.”

“मिळमिळीत?” प्रॅटसरांचा आवाज चिरकला. “अहो, अभ्यास होता त्याचा! प्रामाणिक माणूस होता तो!”

“तुम्ही म्हणजे अगदी देवमाणूस हो, सर. बरं, पहिला लेख त्याच्यावरच हवाय. जुन्या भाकितांची चिरफाड. जमेल?”

प्रॅटसरांनी कागद ओढला. पहिल्या चार ओळी लिहिताना त्यांचा हात जड झाला होता. पाचव्या ओळीला कोनांचा तो हिशेब आला, आणि इतका बिनडोक हिशेब मांडणाऱ्या माणसाला साप्ताहिकाने तीन आठवडे सहन तरी कसं केलं, याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटू लागलं.