शेजारणीचे पोपट

आमचे घरमालक सबनीसकाका रोज सकाळी दुर्बीण लावून शेजारच्या बाईंच्या अंगणात बघत बसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गुपचूप तळघरातल्या माझ्या खोलीत परत गेलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अशा वेळी काय करायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

काकूंनीच उलगडा केला. "पोपट बघतात रे ते! माझ्याकडे कधी एवढं टक लावून बघितलं नाही."

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या बर्फात हिरवे पोपट! कोणीतरी कधीकाळी पाळायला आणलेल्या, पिंजऱ्यातून सुटलेल्या पोपटांचं हे खटलं विजेच्या खांबावर काटक्यांचं घर बांधून राहतं. थंडीत जगतं ते माणसांनी टांगलेल्या दाण्यांवर. पण ते दाणे शेजारच्या बाईंचे, डॉरथीचे. काकांचे नाहीत.

"मी भिजवलेली चणाडाळ ठेवतो, पेरू ठेवतो. आणखी काय पाहिजे यार यांना?"

"डाळ गोठते हो काका," मी चाचरत म्हणालो.

मग सूर्यफुलाच्या बिया आल्या. तरी नाही. डॉरथी कुंपणापलीकडून आनंदाने ओरडायची, "आज पाहिलेत का?" काका हसून "व्हेरी नाइस" म्हणत आणि आत येऊन चहाचा कप आदळत. "मला काय त्याचं!"

खरं सांगू? मलाही हेवा वाटायचा. काका काचेतून पोपटांना विचारत, "थंडी सोसते का रे?" मला कधी विचारलं नाही.

जानेवारीत डॉरथी बर्फावरून घसरली आणि माकडहाड मोडून हॉस्पिटलात गेली. तिचे दाणे संपले, आणि एका सकाळी सगळे पोपट आमच्याकडे!

"सुमन, आले! आले गं!" काका लहान मुलासारखे कुजबुजले. मग त्यांची नजर डॉरथीच्या रिकाम्या भांड्याकडे गेली. थोड्या वेळाने बूट चढवून बाहेर गेले, आमचं दाण्यांचं भांडं काढून माझ्या हातात दिलं आणि बियांची पिशवी उचलली.

"अहो, हेच हवं होतं ना तुम्हाला?" काकू म्हणाल्या.

"इथली सवय लागली तर परत जायचे नाहीत. ती घरी येऊन खिडकीतून काय बघेल? दुसरं कोण येतं तिच्याकडे?"

काका बर्फ तुडवत पलीकडे गेले. त्यांनी तिचं भांडं भरलं. आमच्या झाडावर थोडा वेळ आरडाओरडा झाला, मग एकेक पोपट कुंपण ओलांडून गेला. ते बिचकू नयेत म्हणून काका पिशवी छातीशी धरून तिथेच, न हलता उभे राहिले.