उलट्या खांबांचा महाल

हिरालालने गुरांच्या कोठ्याचं दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच थबकला. मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा पडदा, तोच तो संगमरवरी खांबांचा महाल, चिंध्या होऊन पडला होता. मधोमध त्याची लेक रेणू सुई-दोरा घेऊन खुशाल गुणगुणत बसलेली.

"रेणू! हा पडदा कायले फाडली वो?"

"तनसावर पडून होता, बाबा. मले वाटलं टाकून देल्ला." रेणू नागपूरला चित्रकला शिकून आली होती. "टाकलेलं चित्र आणाचं, मोडाचं, अन् नव्यानं जोडाचं. मोडणं हीच कला आहे."

"मोडाले शिकाले नागपूरले गेली होती? मोडणं त आपल्या बकरीले बी येते!"

याहून मोठ्याने ओरडायची मात्र त्याची टाप नव्हती. मागे अवकाळी आला तेव्हा आपलं धान झाकायला मंडळाच्या पेटीतून पडदा गुपचूप आणणारा आणि मग कोठ्यातल्या तनसावर, भाताच्या पेंढ्यावर, फेकून विसरणारा महाभाग तोच! केशोरीच्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष ना, पेटीची किल्ली त्याच्याच करदोड्याला. गावाला कळतं तर अध्यक्षपद जातंच, वर अब्रूचं खोबरं. आणि नाटक आजच होतं, घरोघरी पाहुणे येऊन बसले होते.

"शिव माय, जसा होता तसा शिव," म्हणत त्याने तिला धानाचं सगळं सांगून टाकलं आणि तोही सुई घेऊन बसला.

"बाबा, खांब उलटा लावून राहिले तुमी!"

"खांबाले का उलटा अन् का सुलटा! हात चालव."

एक तुकडा कमीच पडला, म्हणून रेणूने जुन्या जंगलाच्या पडद्याचा जोडला. महालाच्या खिडकीतून आता वाघ डोकावत होता.

दिग्दर्शक गजेंद्रने पडदा उघडून पाहिला आणि वाघावर बोट ठेवलं. "हा का आहे जी, हिरालालभाऊ?"

हिरालाल उंदरांवर ढकलणारच होता, तेवढ्यात रेणू पुढे झाली. "माह्या हातून फाटला, काका. बाबाची चूक नाही."

धानाचं नावही घेतलं नाही पोरीने. हिरालालने तिला मागे सारलं.

"खोटं बोलून राहिली ते. धान झाकाले पडदा मीच नेलो होतो, गजेंद्र."

"तुमचा हिशोब उद्या करू. आता टांगा हाच!"

नाटकात राजाचं राज्य बुडालं. राजा गुडघ्यावर बसून रडला, मागे उलटे खांब अन् वाघ. एरवी शिट्ट्या मारणारी माणसं चिडीचूप झाली, बायांनी पदर डोळ्यांना लावले. असं बुडालेलं राज्य कोणी पाहिलंच नव्हतं.

सकाळी हिरालाल करदोड्याची किल्ली सोडून ओट्यावर बसला. गजेंद्र आला खरा, पण सोबत शेजारच्या गावचं मंडळ, त्यांच्या डोक्यावर नवाकोरा पडदा.

"बाई, आमचा बी फाडून द्या जी," त्यांचा म्होरक्या रेणूला म्हणाला. मग हिरालालकडे वळून त्याने हात जोडले. "पण शिवाले तुमीच बसा, भाऊ. तसे खांब पोरीले जमाचे नाही."

हिरालालने रेणूकडे पाहिलं. ती तोंडाला ओढणी लावून हसत होती. त्याने घसा खाकरला, मांडी ठोकली आणि म्हणाला, "सुई आण वो."