शेकोटीची शीत रुळवणी

ऑक्टोबर संपत आला की माझ्या पत्नीचे गुडघे काम करायचे थांबतात. ते पुन्हा रुजू होतात एप्रिलमध्ये. मधल्या काळात त्यांना विस्तवासमोर ठेवावं लागतं, आणि हेडविगही त्यांच्यासोबत तिथेच बसते. हंगेरीतल्या एगर गावात आमच्या तळमजल्यावरच्या घरात यासाठी हिरव्या फरशांची एक उंच भट्टी होती. लाकडं घातली की ती तापायची. एवढा एकच गुण तिच्यात होता, आणि आजच्या काळात तेवढा पुरत नाही, असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं.

सगळ्यांनी म्हणजे मुख्यतः वरच्या मजल्यावरच्या एतेल्काने.

"अगं हेडविग, अजून लाकडं? अजून राख उपसतेस? माझ्या भाचीकडे बुडापेस्टला गॅसची शेकोटी आहे. काचेमागे ओंडके, ओंडक्यांवर ज्वाळा, आणि हातात बटण. ओंडके मातीचे. जळतच नाहीत!"

"जळत नाहीत, नुसते शोभेला बसतात," हेडविग म्हणाली. "तुझ्या नवऱ्यासारखे की गं."

पण त्या दिवसापासून ती हिरव्या भट्टीकडे जरा तिरक्या नजरेने बघू लागली. मी या विषयावर मत दिलं नाही. माझं मत बहुधा चुकीचं असतं, आणि नसलं तरी मी ते मांडेपर्यंत विषय बदललेला असतो.

शेकोटी बसवायला तिहामेर नावाचा फिटर आला. एका धुराड्यात दोन विस्तव चालत नाहीत असा नियम असल्याचं त्याने सांगितलं आणि भट्टी फोडली. तिचे तुकडे हातगाडीवरून गेले. दुपारपर्यंत त्या जागी नवी शेकोटी उभी राहिली. ती सुंदर होती, हे नाकारता येत नाही.

"आता ही रुळवायची, बेर्तालनकाका," तिहामेर हात पुसत म्हणाला. "नवी आहे ना. पहिल्यांदा पूर्ण आचेवर काही तास चालवायची, खिडक्या सताड उघड्या ठेवून. आतला रंग भाजून पक्का होतो, कारखान्यातलं तेल जळून जातं. वास येईल, थोडा धूर होईल, घाबरायचं नाही. मग थंड होऊ द्यायची आणि काच पुसायची. नव्या बुटासारखंच आहे. आधी चावतो, मग बसतो."

"मग चावू दे," हेडविग म्हणाली. तिने खुर्ची आधीच ओढून घेतली होती.

"तेवढं मात्र आज करता येत नाही, काकू." तिहामेरने खिशातून शिशाचं सील काढलं आणि गॅसच्या तोटीवर ठोकलं. "परवानगीशिवाय पेटवायची नाही."

हेडविगने सीलाकडे पाहिलं, मग भट्टी जिथे होती तिथे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे.

"ऐक म्हाताऱ्या. डिसेंबरातल्या संत निकोलसच्या सणापर्यंत या गुडघ्यांना ऊब मिळाली नाही, तर मी चालले सेगेदला, इर्माकडे. वसंत आला की कळव."

इर्मा म्हणजे तिची धाकटी बहीण. लग्नानंतरचा एकही हिवाळा आम्ही वेगवेगळा काढलेला नव्हता. तिच्याशिवाय घरात मीठ कुठे असतं हेही मला ठाऊक नाही. आणि मी जेव्हा एकटा असतो, तेव्हा दिवसभरात एक शब्द बोलल्याची आठवण राहत नाही, कारण तो बोललेला नसतो. म्हणून मी कामाला लागलो.

प्रथम मी विजेची शेगडी आणून पाहिली. अख्ख्या जिन्याचा फ्यूज उडाला आणि एतेल्काची मालिका ऐन लग्नात बंद पडली. तो मार्ग सामाजिक कारणांनी खुंटला. उरला तो कायदेशीर मार्ग.

गॅस कंपनीकडून बोग्लारका नावाच्या निरीक्षक बाई आल्या. अतिशय सभ्य बाई. त्यांनी खिडक्यांच्या कडेने तळहात फिरवला.

"वारा येत नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

"अजिबात नाही," मी जरा अभिमानाने सांगितलं. खिडक्या नव्या होत्या, सरकारी अनुदानातून बसवलेल्या.

"मग शेकोटीने श्वास कुठून घ्यायचा, काका?"

बाहेरच्या भिंतीला भोक पाडण्यात आलं. ते नियमानुसार जमिनीलगत होतं, त्यामुळे ब्युक्कच्या डोंगरावरून निघालेला वारा कुठेही न थांबता थेट हेडविगच्या गुडघ्यांपर्यंत पोचू लागला.

पाठोपाठ इमारत खात्याचं पत्र आलं. अनुदानित खिडक्या असलेल्या घराला भोक आढळल्याने त्यातून उष्णतेची गळती होत असल्याचं खात्याच्या निदर्शनास आलं होतं. मी खात्याच्या अर्जखिडकीवर जाऊन नम्रपणे सांगितलं की गळायला अजून उष्णताच नाही.

"तो आमच्या अखत्यारीतला विषय नाही," आतले गृहस्थ म्हणाले. "आम्ही फक्त बाहेर जाणारी बघतो."

अखेर दोन्ही खात्यांनी समजुतीने तोडगा काढला. गॅस कंपनीसाठी भोक राहील आणि इमारत खात्यासाठी त्यावर झडप बसेल. शेकोटीची धग लागली की झडप आपोआप उघडेल. आणि सुरक्षेच्या दृष्टीने झडप उघडी असल्याखेरीज शेकोटी पेटणार नाही. दोन्ही खात्यांनी पत्राद्वारे एकमेकांचं अभिनंदन केलं.

"म्हणजे आधी काय होईल?" मी बोग्लारकाबाईंना विचारलं.

"दोन्ही यंत्रणा स्वयंचलित आहेत, काका. त्यांच्या मध्ये आपण पडायचं नाही."

मला ते पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं. परवानगीच्या अर्जाला आता एकच कागद जोडायचा राहिला होता, शेकोटी रुळवल्याचा दाखला. रुळवायची म्हणजे पेटवायला हवी, आणि पेटवायची म्हणजे परवानगी हवी, ही बाब मी चाचरत बाईंच्या कानावर घातली. त्या हसल्या. माझ्यासारखे पुष्कळ जण त्यांनी पाहिले असावेत.

"त्यासाठी पोटकलम आहे ना! शीत रुळवणी."

"म्हणजे?"

"विधी सगळा तोच. खिडक्या उघड्या, समिती हजर, ठरलेले तास. फक्त ज्वाळा वगळायची."

हेडविगने आतल्या खोलीत जाऊन बॅग खाली काढल्याचा आवाज मला ऐकू आला.

समिती आली ती संत निकोलसच्या आदल्या दिवशी. बोग्लारकाबाई, तिहामेर, आणि धुराडी साफ करणारा झोम्बोर, काळ्या गणवेशात, खांद्यावर ब्रश घेऊन. धुराडेवाला दिसला की आपल्या कपड्याचं बटण धरायचं, म्हणजे भाग्य उघडतं, हे आमच्याकडे लहान मूलही जाणतं. जिन्यात उभ्या असलेल्या सगळ्यांनी बटणं धरली. बोग्लारकाबाईंच्या जाकिटाला होती चेन. त्यांनी क्षणभर चाचपडून माझ्या बंडीचं बटण धरलं आणि झोम्बोर खुर्चीत बसेपर्यंत सोडलं नाही. शासन माझ्या इतकं जवळ पूर्वी कधी आलं नव्हतं.

"हात चुंबतो, हेडविगबाई," झोम्बोर आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे म्हणाला. "विस्तव कुठेय?"

"तेच विचारायला तुम्हाला बोलावलंय," हेडविग म्हणाली. ती दोन घोंगड्यांत होती आणि बॅग दाराशी होती.

पाहुण्यांनी बूट काढले, मी त्यांना घरातल्या नमद्याच्या सपाता दिल्या. खिडक्या सताड उघडण्यात आल्या. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, थोडं आतही आलं. तिहामेरने शेकोटीतला लाल दिवा लावला. मातीच्या ओंडक्यांखाली निखाऱ्यासारखा दिसणारा हा दिवा विजेवर चालतो, गॅसशी त्याचा संबंध नाही.

"हा चालेल का?" त्याने विचारलं.

"उजेडाबद्दल कलमात काही नाही," बोग्लारकाबाई म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते.

आम्ही शेकोटीसमोर अर्धगोल करून बसलो. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात रिकामा ग्लास असणं हा घराचा अपमान समजतात. म्हणून मी पालिंका काढली, आमच्याच आलुबुखाराची दारू, घरी गाळलेली. ती घशातून खाली जाताना रस्ता दाखवत जाते. मी ग्लास भरले. ते रिकामे झाले, म्हणून पुन्हा भरले. दुसऱ्या खेपेला बोग्लारकाबाईंनी मफलर सैल केला. तिसऱ्या खेपेला झोम्बोरने काळा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

ठरलेले तास भरले. बाईंनी लेखणी उघडली.

"वास?"

"नाही," तिहामेर म्हणाला.

"धूर?"

झोम्बोरने धुराड्यात डोकं घातलं. "उभ्या नोकरीत इतकं स्वच्छ धुराडं पाहिलं नाही!" त्याचा आवाज आतून घुमला.

"काच काळवंडली?"

"नाही."

"ऊब?"

इथे सगळे एकमेकांकडे बघू लागले. बोग्लारकाबाईंचे गाल लाल झाले होते आणि जाकिटाची चेन पोटापर्यंत उघडी होती. त्यांनी स्वतःच्या मनाला विचारलं असावं. त्या प्रामाणिक बाई आहेत.

"समाधानकारक," त्या म्हणाल्या आणि तसं लिहिलं.

"समाधानकारक काय, बाई, मला घाम फुटलाय!" झोम्बोर म्हणाला.

हेडविग औषधांमुळे पालिंका घेत नाही. "अरे, पेटलेलीच नाहीये ती!" ती ओरडली.

"म्हणूनच तर इतकी सुरक्षित आहे, हेडविगबाई," झोम्बोर मायेने म्हणाला.

परवानगी जागच्या जागी मिळाली. अट एकच होती. चाचणीच्या वेळची परिस्थिती पुढेही जशीच्या तशी राखावी. म्हणजे खिडक्या उघड्या, दिवा चालू, ज्वाळा वगळून. सील राहील.

"कायमचं?" मी विचारलं.

"छे छे, काका. उन्हाळ्यात फेरविचार होतो."

हेडविग खुर्चीचे हात धरून उठली. उठायला तिला वेळ लागला. तिने टोपी घातली आणि बॅग उचलली.

"मीठ वरच्या फळीवर, निळ्या डब्यात," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आणि सूप गार खाऊ नकोस."

मला काहीतरी बोलायचं होतं. योग्य वाक्य कोणतं, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात दार उघडून एतेल्का आत आली. हातात खाऱ्या बिस्किटांची ताटली. तिने जिन्यावरून आमच्या खिडकीतला लाल उजेड पाहिला होता आणि हसण्याचे आवाज ऐकले होते. मी सवयीने तिच्या हातात ग्लास दिला. तिने तो एका दमात संपवला आणि शेकोटीसमोर दोन्ही हात पसरले.

"अगं बाई! हीच का ती? भाचीकडची हिच्यापुढे काहीच नाही गं! चटके बसतायत!"

"जिल्ह्यातली सर्वांत सुरक्षित," बोग्लारकाबाईंनी माहिती पुरवली.

मग एतेल्काला बॅग दिसली.

"आणि तू कुठे निघालीस? असली शेकोटी टाकून? का काही बिघडलंय हिच्यात?"

त्या शेवटच्या प्रश्नात इतकी आशा होती की ती खोलीतल्या प्रत्येकाला जाणवली. हेडविग थांबली. मी तिच्याकडे बघत होतो. या चेहऱ्याने मला आयुष्यात एकही खोटी गोष्ट सांगितलेली नाही. आता तो आधी एतेल्काकडे वळला आणि मग लाल ओंडक्यांकडे.

"मी कुठे जाते?" हेडविग म्हणाली. "बेर्तालनचे लोकरीचे कपडे आहेत बॅगेत. माळ्यावर टाकायला काढलेत. आता कशाला लागतायत?"

माझे लोकरीचे कपडे त्याच संध्याकाळी, एतेल्काच्या देखत, माळ्यावर गेले. हेडविग राहिली. मी जिंकलो, असं म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सेगेदला फोन लावला. "इर्मा, काय सांगू तुला! खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात अगं!" यातला शब्द न् शब्द खरा होता. इर्मा चार दिवस राहायला म्हणून आली आणि अजून इथेच आहे. एतेल्काने वर स्वतःचं घर तापवणारे गरम पाण्याचे नळ उपटून टाकले आणि हीच शेकोटी मागवली. तिची शीत रुळवणी नाताळाआधी झाली. आता आमच्याच जिन्यावरच्या आणखी तिघांचे अर्ज आहेत, आणि अजून लाकडं जाळणाऱ्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याकडे सगळे जरा दयेने बघतात.

हेडविग अलीकडे डॉक्टरांना न विचारता एखादा ग्लास घेते. संध्याकाळी तिला खुर्चीतून उठवायला मला दोन्ही हात लागतात. कोणी समोर असलं तर ती म्हणते, "ऊब सोडून उठवतच नाही बघा." कोणी नसलं तर काही म्हणत नाही, नुसती माझी बाही घट्ट धरते.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर जरूर या. मी दारातच तुमच्या हातात ग्लास देईन, हेडविग शेकोटीजवळची खुर्ची पुढे सरकवेल आणि सगळ्यांसमोर विचारेल, "कशी आहे ऊब?" आजवर आलेल्यांपैकी एकानेही 'थंडी वाजते' म्हटलेलं नाही. तुम्ही खरं ते सांगाल, अशी तुमची आत्ता खात्री असेल. आत येण्याआधी, जिन्यात उभे होते तोवर, त्या सगळ्यांचीही होती.