घट्ट झाकणाचा लोकलढा

बरणीचं झाकण साध्या माणसाला हातानं उघडता आलं पाहिजे, असा नियम करायचं ब्रुसेल्समधल्या एका सरकारी समितीच्या मनात आलं आणि झाकण उत्पादक महासंघाचे प्रतिनिधी हेर्विग डकेन्स यांची भूकच मेली. समितीला जेवू घालणं हेच त्यांचं काम असल्यामुळे प्रकरण गंभीर होतं.

तरी ते कामाला लागले. शिंपल्यांच्या पहिल्याच पातेल्यावर त्यांनी अध्यक्षांना पटवलं, की सैल झाकण म्हणजे अख्ख्या युरोपातल्या लोणच्याची असुरक्षितता. झाकण उघडायची हत्यारं बनवणाऱ्यांनी पाठिंबा दिला. मनगटाच्या डॉक्टरांनी तर अहवालच दिला. फक्त बरण्या उघडणारी जनता काय म्हणते, एवढंच अध्यक्षांनी विचारलं. जनता संघटित आहे, असं हेर्विग म्हणाले आणि दुपारी त्यांनी शेजारच्या खोलीत ‘घट्ट झाकण नागरिक मंच’ स्थापन केला.

घात असा झाला, की मंचाच्या दारावरची पाटी वाचून एक खरी नागरिक आली. सिदोनीबाई, निवृत्त ट्रामचालक. काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन त्या थेट समितीच्या सुनावणीत उभ्या राहिल्या.

“ईस्टरपासून उघडत नाहीये. तुम्ही एवढे जण आहात, बघा जमतंय का.”

हेर्विगनी जोर लावला. डॉक्टरांचं मनगट लचकलं. हत्यार मोडलं. अध्यक्षांनी हातानं उघडणाऱ्या झाकणाच्या मूळ नियमावर सही करायला पेन उघडलं, तेवढं उघडलं. हेर्विगना घाम फुटला.

“बाई, आपण कोणाच्या वतीनं बोलताय?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“कोणाच्या म्हणजे? माझ्या.”

सभागृहात कुजबुज झाली. बाकी सगळे दुसऱ्यांच्या वतीनं बोलत होते. या बाईंचा मात्र उघड उघड स्वार्थ होता. साक्ष बाद झाली.

हेर्विगना वाईट वाटलं. त्यांनी बाईंना जेवायला नेलं. तिथं बरण्या आचारी उघडतो, हे बाईंना फार आवडलं. तिसऱ्या जेवणाला त्या मंचाच्या अध्यक्षा झाल्या आणि पुढच्या सुनावणीत, घट्ट झाकणानं माणसाचं चारित्र्य घडतं, असं इतक्या कळकळीनं बोलल्या, की डॉक्टरांनी आपल्या पट्टीतल्या हातानं टाळ्या वाजवल्या.

नियम एकमतानं झाला: झाकण घट्टच असावं, न उघडल्यास दोष उघडणाऱ्याचा.

लोकांनी काही तक्रार केली नाही. झाकण गरम पाण्याखाली धरायचं, ओट्यावर आपटायचं, आणि मग आपल्याच मनगटाकडे खिन्नपणे बघत म्हणायचं, हल्ली ताकदच राहिली नाही. परवा तुम्हीही हेच म्हणालात.