डावीकडे पाहून उजवीकडे गेल्याबद्दल

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी एनुगू शहरातील कॅलिस्टस ओझोएमेना या केशकर्तनकाराने एका माणसाचे आभार मानण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज क्रीडास्मृती मंडळाकडे रीतसर सादर केला.

तो माणूस म्हणजे सिल्व्हेस्टर ओकवुडिली. या नावावरून मंडळाच्या कारकुनाला काहीच बोध झाला नाही, कारण कोळशाच्या खाणींच्या या शहरात त्याला सगळे ‘अन्वुरू’ म्हणत. अन्वुरू म्हणजे धूर. दिसतो, पण हाती लागत नाही. कोल सिटी स्टार्सकडून तो चौदा वर्षे फुटबॉल खेळला. चेंडू त्याच्या पायात आला की समोरचा बचावपटू एकीकडे जायचा, चेंडू दुसरीकडे, आणि अन्वुरू मधोमध उभा राहून दोघांची काळजी वाटल्यासारखा बघायचा. मग पुढे धावायचे सोडून तो त्या बिचाऱ्याला परत येऊ द्यायचा आणि पुन्हा चकवायचा. लोक पोट धरून हसायचे. आपण सामना हरलो आहोत, हे त्यांना घरी गेल्यावर आठवायचे.

आता तो छप्पन्न वर्षांचा होता. डावा गुडघा दुखरा झाला होता. बाजारामागे त्याची मोटार शिकवण्याची शाळा होती. शाळेत एकच गाडी, तीही त्याच्याइतकीच खेळून दमलेली. “एकीकडचा दिवा दाखवून दुसरीकडे वळाल तर खबरदार!” असे तो शिकाऊ लोकांवर ओरडे, तेव्हा समोरच्या सलूनमध्ये कॅलिस्टसचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबे आणि सगळे सलून खो-खो हसे.

या सलूनमध्येच दर रविवारी चर्चहून परतताना अकरा चाहते जमत. अन्वुरूला तो जिथे खेळला त्या मैदानावर बोलवावे आणि चार चांगले शब्द बोलावेत, एवढीच त्यांची इच्छा. पण मैदान मंडळाचे. आणि मंडळाच्या मैदानावर कोणाचे चांगले बोलायचे तर तो माणूस आधी ‘मान्यताप्राप्त गुणवंत’ असावा लागे.

अर्ज पाहायला उपसंचालक बोनिफेस इलोएजे स्वतः बसले. त्यांच्या टेबलावर तीन शिक्के होते आणि चेहऱ्यावर चौथा.

“गोल किती?”

“नऊ, ओगा.” ओगा म्हटले की साहेब जरा मऊ होतात, असे कॅलिस्टसला कोणीतरी सांगितले होते.

“एका मोसमात?”

“चौदा वर्षांत.”

इलोएजेंनी पेन खाली ठेवले. “आमच्या खात्याच्या संघात माझा ड्रायव्हर गोलरक्षक आहे. त्याच्या नावावर अकरा आहेत.”

“ते आपल्याच गोलात असतील, ओगा.”

“कोणत्या गोलात, ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही.” त्यांनी पान उलटले. “मग या माणसानं केलं काय?”

“बचावपटूला चकवलं. तो परत आला की पुन्हा चकवलं.”

“दुसऱ्यांदा चकवणं गरजेचं होतं?”

“नाही, ओगा.”

“मग का चकवलं?”

एवढ्या सोप्या गोष्टीचे कारण कॅलिस्टसला आयुष्यात कोणी विचारले नव्हते. “मजा येत होती,” तो म्हणाला.

“मजेचा पुरावा आणा,” इलोएजे म्हणाले. “तुम्ही चाहते आहात, तुमची साक्ष चालणार नाही. विरुद्ध संघातल्या एखाद्याचं प्रतिज्ञापत्र हवं. आणि ‘आपल्याशी नेमके काय घडले’ हा रकाना कोरा सोडू नका.”

कॅलिस्टस तडक बाजारात हायजिनस न्वान्येकडे गेला. हायजिनस आता खाटीक होता, पण एके काळी तो पाहुण्या संघाचा दणकट बचावपटू होता. अन्वुरूने एकाच सामन्यात त्याच्या दोन्ही पायांमधून तीनदा चेंडू काढला होता, आणि गेली सत्तावीस वर्षे हायजिनस ही गोष्ट लग्नांत, बारशांत आणि मयतीतसुद्धा सांगत असे.

“तीनदा नाही रे, चारदा!” सुरा बाजूला ठेवत तो म्हणाला. “चौथ्या वेळी पंच पडले होते म्हणून कोणी मोजलं नाही. कागद दे इकडे. माझ्याइतकं त्याला कोण ओळखतं?”

आणि हायजिनसने अभिमानाने लिहिले: ‘सदर इसमाने डावीकडे पाहिले. मी डावीकडे गेलो. सदर इसम उजवीकडे गेला. अशा रीतीने त्याने मला हजारो लोकांसमोर चार वेळा फसवले. तो माझ्या आयुष्यातला सर्वात सुंदर दिवस होता.’

आठ दिवसांनी मंडळाचे पत्र आले. त्यात सत्काराचा उल्लेख नव्हता. ‘फसवणुकीची तक्रार क्रमांक १’ असा विषय होता आणि तक्रारदार म्हणून हायजिनस न्वान्ये याचे नाव होते.

दोघे धावत मंडळात गेले.

“ओगा, ही तक्रार नाही हो,” हायजिनस काकुळतीला आला. “हे कौतुक आहे!”

“तुम्ही ‘फसवले’ लिहिलंय. चार वेळा, साक्षीदारांसमोर.” इलोएजेंचा आवाज सहानुभूतीने भरला होता. “घाबरू नका, मंडळ तुमच्या पाठीशी आहे.”

“पण शेवटी सुंदर दिवस असं लिहिलंय की.”

“धक्का बसलेली माणसं असं बोलतात.”

“मग मी ते परत घेतो.”

“परत घेतलंत तर प्रतिज्ञापत्र खोटं होतं, असा अर्थ होईल. त्याला शिक्षा आहे.”

हायजिनस एवढा आडदांड माणूस, पण तो मटकन खुर्चीत बसला. इलोएजेंनी त्याच्यासाठी पाणी मागवले आणि ‘पीडितास पाणी दिले’ अशी नोंद केली.

इथवर ठीक होते. पण मंडळाचे एक वैशिष्ट्य असे की, हातात आलेली माहिती ते स्वतःपुरती ठेवत नसे. चौकशीची एक प्रत वाहनपरवाना खात्याला गेली. तिथल्या अधिकाऱ्यांनी विचार केला की, दिशेबाबत लोकांची वारंवार दिशाभूल केल्याचा ज्याच्यावर आरोप आहे, तो इसम नागरिकांना वाहन वळवायला शिकवतो ही बाब गंभीर आहे. शुक्रवारी सकाळी अन्वुरूच्या शाळेचा परवाना स्थगित झाला. गाडीच्या काचेवर लाल कागद चिकटला.

कॅलिस्टसने वस्तरा ठेवला, सलूनला कुलूप लावले आणि रस्ता ओलांडला. आठ पावलांचा रस्ता. अन्वुरू गाडीच्या बॉनेटवर केळीच्या पानात वाफवलेला, कडधान्याच्या पिठाचा गरम ओकपा उघडून खात बसला होता.

“दादा,” कॅलिस्टस म्हणाला, “हे माझ्यामुळे झालं.”

“तू कोण रे? समोरचा न्हावी ना?”

“हो. मला तुमचे आभार मानायचे होते.”

अन्वुरूने लाल कागदाकडे पाहिले, मग त्याच्याकडे. “अजून कोणाचे मानायचे ठरवलंयस का? म्हणजे त्यांना आधी सांगून ठेवू.”

कॅलिस्टसने सगळे सांगितले. नऊ गोल, मजेचा पुरावा, हायजिनसचे प्रतिज्ञापत्र. हायजिनसचे नाव निघताच अन्वुरूला हसू आवरेना. “चार वेळा म्हणाला का? पाच वेळा होतं ते! एकदा विश्रांतीला आत जाताना काढला होता, त्याला कळलंच नाही.” मग त्याने विचारले, “किती वर्षं आहेस समोर?”

“एकोणीस.”

“एकोणीस वर्षं मी इथं, तू तिथं. रस्ता ओलांडून ‘दादा, मजा आली होती’ म्हणाला असतास, तर अर्धा ओकपा तुला दिला असता.”

“असं कसं, दादा? तुमच्यासारख्या माणसाला उगीच रस्त्यात कसं सांगायचं? मला ते रीतसर करायचं होतं.”

“झालं ना मग रीतसर,” अन्वुरू म्हणाला आणि उरलेला ओकपा त्याने कॅलिस्टसच्या हातावर ठेवला.

सुनावणी मैदानावरच ठेवण्यात आली, कारण गुन्ह्याची जागा तीच होती. तीन सदस्यांची समिती आली. आरोपीने कथित कृत्य समितीसमोर करून दाखवावे, असे ठरले. हायजिनसने पुन्हा बचावपटू व्हायची तयारी दाखवली, पण पीडिताला पुन्हा तोच धक्का देणे नियमात बसत नव्हते. शेवटी उपसंचालक इलोएजे स्वतः टाय सैल करून, बगलेत फाइल धरून उभे राहिले.

सुनावणीला प्रेक्षकांची गरज नव्हती. तरीही भिंतीवर, झाडावर आणि पत्र्यावर मिळून सहाशे बारा माणसे होती. हा आकडा मंडळाचाच आहे.

अन्वुरू लंगडत आला. त्याने चेंडूवर पाय ठेवला. कॅलिस्टसला पुढचे सगळे दिसू लागले: गुडघा दगा देणार, म्हातारा पडणार, आणि त्याचे पाप आपल्या माथी. त्याने डोळे मिटले, पण एका डोळ्याची फट ठेवली.

अन्वुरू धावला नाही. वाकलासुद्धा नाही. त्याने फक्त डावीकडे पाहिले, कोणी ओळखीचे दिसल्यासारखे.

इलोएजे डावीकडे गेले. समितीचे तिन्ही सदस्य खुर्च्यांसकट डावीकडे झुकले. टिपणे घेणारा कारकूनही झुकला आणि त्याची ओळ कागदाबाहेर टेबलावर गेली. चेंडू उपसंचालकांच्या पायांमधून सावकाश उजवीकडे निघाला, आणि त्याला शोधायला वळलेले उपसंचालक धुळीत बसले. फाइलमधले कागद त्यांच्या भोवती उतरले.

मैदानात हशा फुटला. एक म्हातारी पत्र्यावर आडवी पडून हसत होती. आणि धुळीत बसलेल्या इलोएजेंच्या तोंडून आधी शिंकेसारखा आवाज आला, मग दुसरा, आणि मग नोकरीला लागल्यापासून प्रथमच, साहेब हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “पुन्हा!” ते म्हणाले. “पुन्हा दाखवा!”

अन्वुरूने त्यांना उठू दिले आणि पुन्हा दाखवले.

सोमवारी इलोएजे टाय आवळून कार्यालयात आले आणि निकाल जाहीर झाला. फसवणूक सिद्ध झाली होती. मात्र फसवले गेलेले अधिकारी घटनेच्या वेळी हसले असल्याने त्यांचे नुकसान नेमके काय झाले, हे ठरवता येत नव्हते. सबब शाळेचा परवाना सशर्त परत देण्यात येत होता. यापुढे शाळेने फक्त सरळ रस्त्यावर गाडी शिकवावी. आणि प्रकरण पूर्ण होण्यासाठी, त्या दिवशी हसलेल्या सर्व सहाशे बारा व्यक्तींनी मंडळात समक्ष येऊन आपण का हसलो याचा खुलासा करावा.

कॅलिस्टसने नोटीस सलूनमध्ये मोठ्याने वाचली. वाचता वाचता तो थांबला.

“अरे,” तो म्हणाला, “सभेला परवानगी लागते. रांगेला लागत नाही!”

बुधवारी मंडळाच्या आवारात सहाशे बारा माणसांची रांग लागली. आरोपी म्हणून अन्वुरूलाही बोलावणे होते. तो फाटकातून आत आला तशी रांग टाळ्या वाजवू लागली. टाळ्या वाजवायला नोटिशीत मनाई नव्हती. एकेक जण पुढे सरकत होता आणि खिडकीआधी अन्वुरूपाशी थांबत होता. हायजिनस त्याला कडकडून भेटला आणि तक्रारदार आरोपीला भेटला म्हणून त्याच्यावर नवी फाइल उघडली, तरी तो सोडेना. कॅलिस्टसचा नंबर आला. त्याने मंगळवारी रात्रभर पाठ केलेले भाषण खिशात होते.

“दादा,” तो म्हणाला, “मजा आली होती.” पुढचे त्याला आठवेना. अन्वुरूने त्याच्या पाठीवर थाप मारली.

खिडकीवर सहाशे बाराही जणांनी खुलाशात एकच वाक्य लिहिले: ‘तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसला असता.’

मंडळाने हे उत्तर अतिशय गांभीर्याने घेतले. तिथे नसलेल्यांवर इतका थेट आरोप झाल्यावर तपासाची व्याप्ती वाढवणे भाग होते. त्याप्रमाणे निघालेले शुद्धिपत्रक असे: ‘सदर प्रकार प्रत्यक्ष न पाहता, केवळ ऐकून वा वाचून ज्या व्यक्तींना हसू आले, त्यांनी खिडकी क्रमांक तीनवर खुलासा द्यावा. वाचूनही ज्यांना हसू आले नाही, त्यांनी न हसण्याची कारणे वेगळ्या कागदावर लिहून आणावीत. आपल्याकडून जिचे आभार मानायचे राहून गेले अशा एका जिवंत व्यक्तीचे नाव व तिच्या घरापर्यंतचे अंतर दोन्ही गटांनी नमूद करावे. परदेशस्थ वाचकांना सवलत नाही.’

तुमची मुदत शुक्रवारी संपते.