भानुदासभाऊंची तिसरी दाढी

आमच्या धाड गावचे भानुदासभाऊ दिवसातून तीन वेळा दाढी करतात. स्वतःचीच! सलून त्यांचं, खुर्ची त्यांची, पण त्या खुर्चीत दुसरं कुणी बसायला तयार नाही. मग दार सताड उघडं ठेवून, बाजाराकडे तोंड करून, गुळगुळीत गालावरून पुन्हा वस्तरा फिरवत ते ओरडतात, "पाहून घ्या! हालते काय हात?"

चार वर्षांपूर्वी हलायचा. आपोआप थरथरण्याचा आजारच होता तो. त्यांच्या हातून कापला गेलेला शेवटचा कान माझा. त्याच दिवशी त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

यंदा शहरात ऑपरेशन झालं. डोक्याला भोकं पाडून मेंदूत तारा सोडल्या, छातीत कातडीखाली मशीन बसवलं, आणि तारा आत जाताना हा माणूस चक्क जागा होता! ऐकून माझ्या हातातला चहा सांडला. भाऊंचा राग मात्र भलत्याच गोष्टीवर.

"भोकं पाडले त्याचं काही नाही बे. पण त्यायनं माहं डोक्सं भादरलं कसं? मानीवरचे केस तसेच! असं काम असते काय?"

परवा त्यांची तिसरी दाढी चालू असताना शेजारच्या माझ्या दुकानातून मी सहज त्यांच्याकडे डोकावलो आणि नको ते विचारून बसलो. "भाऊ, मशीन बंद पडलं तर?"

त्यांनी वस्तरा ठेवून फेसाचा ब्रश उचलला, खिशातून मशीनचा रिमोट काढला आणि बटण दाबलं. बघता बघता हातातला ब्रश असा उडायला लागला, की फेस आरशावर, भिंतीवर, माझ्या शर्टावर!

"चालू करा, भाऊ! चालू करा!" मी किंचाळलो.

त्यांचं बोट बटणावर ठरेना. शेवटी मीच दाबलं. हळूहळू हात शांत झाला.

"आता तं तूच चालू केलं ना," भाऊ म्हणाले. "बस."

माझा हात कानाकडे गेला. पण नाही म्हणवेना. बसलो.

वस्तरा गळ्याशी आला. "हालू नको बे!" भाऊ खेकसले. थरथरत होतो तो मीच.

दाढी झाली. तरी भाऊंचा तळवा माझ्या गालावरून निघेना. कानाच्या जुन्या खुणेवरून त्यांनी हलकेच अंगठा फिरवला.

"झालं ना, भाऊ?"

"थांब थोडसा. चार वर्सं झाले, दुसऱ्याचा गाल हाताले लागलाच नाही."

मी तसाच बसून राहिलो.